मासेमारी क्षेत्राच्या सल्ल्याचा फायदा रुपयांत कसा मांडावा?

हिशेबनीस_रत्नागिरी यांचा प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका मच्छीमार सहकारी सोसायटीचे हिशेब पाहतो. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे इन्कॉइसकडून, संभाव्य मासेमारी क्षेत्राचे सल्ले येतात. आमच्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोलीवर मासळी मिळण्याची शक्यता आहे, हे त्यांत अक्षांश-रेखांशांसह दिलेले असते. एक तरुण हे सल्ले उतरवून घेतो, बंदरावरच्या फळ्यावर लिहितो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो आणि लाटांचा अंदाजही सांगतो. त्यासाठी सोसायटी त्याला थोडे मानधन देते.

मागच्या सभेत एका सभासदाने विचारले, की सल्ला सरकार फुकट देते, मग आपण मानधन देतो त्यातून आपल्या पदरात नेमके काय पडते, ते आकड्यांत सांगा. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी शोध घेतला तेव्हा नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या दिल्लीच्या संस्थेचे दोन अंदाज हाती आले. २०१० च्या सुमाराच्या अंदाजात या सल्ल्यांपासून देशाला होणारा निव्वळ लाभ वर्षाला ३४,००० ते ५०,००० कोटी रुपये सांगितला आहे. २०२० च्या अहवालात मच्छीमारांच्या पाहणीचे तपशील आहेत. सल्ल्यानुसार केलेल्या १,०७९ यशस्वी फेऱ्यांतून १.९२ कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळाले, म्हणजे एका फेरीमागे १७,८२० रुपये, असे त्यांत म्हटले आहे.

आमच्या नौकांची संख्या, हंगामातील फेऱ्या आणि हे १७,८२० रुपये यांचा गुणाकार करून पाहिला, तर येणारी रक्कम सोसायटीच्या साऱ्या उलाढालीपेक्षाही मोठी निघते. हा आकडा सभेत मांडला तर लोक हसतील, आणि मला स्वतःलाही तो पटत नाही. चूक कुठे होते आहे, आणि असा हिशेब करण्याची योग्य रीत कोणती, हे जाणकारांनी सांगावे.

अर्थवेध यांचे उत्तर

आपल्याला आकडा पटला नाही, हे बरे झाले. आधी मोठ्या आकड्याचे पाहू. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१४ मध्ये देशाच्या किनाऱ्यावर सुमारे ३६ लाख टन मासळी उतरली आणि बंदरावरच्या पहिल्या विक्रीत तिचे मोल ३१ हजार कोटी रुपयांहून थोडे अधिक झाले. २०१० मध्ये ते याहूनही कमी होते. म्हणजे साऱ्या देशाची समुद्री मासळी पहिल्या हाताला जेवढ्याला विकली जाते, त्याहून जास्त फायदा केवळ ती मासळी कुठे आहे हे सांगण्यातून होतो, असा त्या अंदाजाचा अर्थ निघतो. काही फेऱ्यांत दिसलेला फायदा प्रत्येक नौकेला, प्रत्येक फेरीला आणि भाव तसूभरही न उतरता मिळेल असे धरले, तरच अशी बेरीज जमते. आपण केलेला गुणाकार हा त्याच चुकीची लहान आवृत्ती आहे.

आता १७,८२० रुपयांकडे या. त्या आकड्यात खोटे काही नाही, पण तो यशस्वी फेऱ्यांचा आहे. सल्ला ऐकून गेलेल्या आणि रिकाम्या हाताने परतलेल्या फेऱ्या त्या सरासरीत धरलेल्या नाहीत. लॉटरी लागलेल्यांच्या बक्षिसांची सरासरी काढून तिकिटाची किंमत ठरवावी, तसे ते होईल. त्याच पाहणीत ९५ टक्के मच्छीमारांनी सल्ल्यामुळे रिकाम्या फेऱ्या टळल्याचेही सांगितले आहे, आणि माझ्या मते आपल्या कामाचा धागा तोच आहे. जादा मासळीचा हिशेब निसरडा असतो, वाचलेल्या डिझेलचा त्या मानाने पक्का असतो.

माहितीचे आर्थिक मूल्य काढण्याची रीत सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे. माहिती हाती असताना माणसाने जो निर्णय घेतला त्याचे फळ एका बाजूला ठेवायचे, माहिती नसती तर त्याने जो निर्णय घेतला असता त्याचे फळ दुसऱ्या बाजूला ठेवायचे, आणि या दोहोंतला फरक तेवढा माहितीच्या खात्यावर मांडायचा. तांडेल, म्हणजे नौकेचा कप्तान, सल्ला पाहून पश्चिमेला ४० किलोमीटर गेला आणि त्याला भरपूर बांगडा मिळाला, पण पाण्याचा रंग आणि पक्ष्यांचे थवे पाहून तो नाहीतरी तिकडेच जाणार होता, तर त्या दिवशी सल्ल्याचे मूल्य शून्य. मासळी लाख रुपयांची असली तरी शून्यच. उलट, सल्ला पाहून एखाद्याने दक्षिणेची नेहमीची फेरी रद्द केली आणि तो घरी बसला, तर मासळी न मिळताही त्या दिवशी सल्ल्याचे मूल्य निघते. टळलेल्या फेरीचे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा दिवस एवढे ते असते.

दुसरी अडचण भावाची. एकट्या नौकेला जास्त मासळी मिळाली तर भाव हलत नाही. फळा मात्र सगळेच वाचतात. पन्नास नौका एकाच पट्ट्यात गेल्या आणि सगळ्यांनी टोपल्या भरून आणल्या, तर संध्याकाळच्या लिलावात तारलीचे काय होते, ते आपण माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिले असेल. अशा वेळी सल्ल्याचा बराचसा फायदा मच्छीमाराच्या खिशात न जाता ग्राहकाकडे जातो. तो समाजाचा फायदा असतोच, पण सोसायटीच्या वहीत तो जमेला धरता येत नाही. याचे सर्वांत नीटपणे मोजलेले उदाहरण केरळमधले आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल फोन आले आणि मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासानुसार मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकासाठी तारलीचा भाव ४ टक्क्यांनी उतरला. ती माहिती भावाची होती, मासळीच्या जागेची नव्हती, हे खरे. पण फायदा दोघांत कसा वाटला जातो, हे त्यातून दिसते, आणि आकडे किती माफक आहेत तेही पाहण्यासारखे आहे.

तिसरी अडचण मी फक्त नोंदवून ठेवतो. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही. मासळी शोधणे सोपे झाले की ती लवकर संपण्याचा धोकाही वाढतो, आणि ती वजाबाकी अशा अहवालांत सहसा दिसत नाही.

जुना_तांडेल यांचे उत्तर

भाऊ, मी तीस वर्षे समुद्रावर काढली, आता नौका मुलगा चालवतो. अर्थवेध यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यांनी सगळ्या नौका एका मापाने मोजल्या. फळ्यावरचा सल्ला कोणाच्या कामाचा आणि कोणाच्या नाही, हे आधी जाळ्यावरून ठरवावे लागते.

उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हिरवे द्रव्य पाहतो. गरम आणि थंड पाणी जिथे भिडते तिथे वरच्या थरात चारा जमतो आणि त्याच्या मागे बांगडा, तारली, कुपा अशी वरच्या पाण्यातील मासळी येते. पर्ससीन, म्हणजे थव्याला घेरणारे जाळे, आणि गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे सोडलेले जाळे, वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. कोळंबीसाठी तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरला त्या रेषेचे फारसे सोयरसुतक नसते. आणि मुंबईकडचे डोलवाले तर जाळे एका जागी खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर बोंबील धरतात, त्यांना पट्टा पश्चिमेला आहे हे कळून काय करायचे? त्यांना उधाण कधी, भांग (लहान भरती) कधी आणि लाट किती, एवढेच हवे असते.

दुसरी गोष्ट, ऑगस्टमध्ये मासेमारीवरची पावसाळी बंदी उठते तेव्हा माहितीची गरज सर्वांत जास्त असते. दोन महिने समुद्र पाहिलेला नसतो आणि मासळी कुठे आहे याचा कोणालाच अंदाज नसतो. पण तेव्हा आभाळ भरलेले असते, ढगांमुळे उपग्रहाला खाली दिसत नाही आणि सल्ला येत नाही. तो नेमाने मिळू लागतो आभाळ मोकळे झाल्यावर, आणि तोवर तांडेलाला स्वतःलाही बरेच उमगलेले असते.

फायदा कोणाला होतो, हेही पाहावे. आमच्याकडे डिझेल, बर्फ आणि शिधा वजा जाता उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. डिझेल वाचले की मालकापासून खलाशापर्यंत प्रत्येकाचा वाटा वाढतो. त्यामुळे वाचलेला खर्च एकट्या नौकामालकाच्या नावावर धरू नका.

तरीही मला विचाराल तर सोसायटीने त्या मुलाला मानधन द्यावे, आणि ते मासळीच्या सल्ल्यासाठी नव्हे तर लाटांच्या अंदाजासाठी द्यावे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले तेव्हा आमच्या किनाऱ्यावरच्या किती घरांत माणसे परतली नाहीत, हे ज्यांनी पाहिले त्यांना हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

लाटामापी यांचे उत्तर

मी निवृत्तीपूर्वी समुद्रातील मोजमापाच्या उपकरणांवर काम केले आहे, म्हणून जुना_तांडेल यांचा शेवटचा मुद्दा पुढे नेतो.

लाटांच्या अंदाजाचे मूल्य वेगळ्या रीतीने काढतात. समुद्रात न जाण्याचा खर्च समजा एका दिवसाच्या कमाईएवढा आहे, आणि वादळात सापडल्यास होणारे नुकसान त्याच्या शंभर पट आहे. मग वादळाची शक्यता शंभरात एकाहून जास्त असेल तर बंदरात राहणेच फायद्याचे ठरते. म्हणजे दहापैकी नऊ इशारे फोल गेले तरी इशारा मानणे शहाणपणाचे असते. पण नऊ वेळा फुकट घरी बसलेल्या माणसाला दहाव्या वेळी हे पटवणे हेच खरे काम आहे, आणि ते काम उपग्रह करत नाही, फळ्याजवळ उभा असलेला मुलगा करतो. इशारा चुकला तर त्याला शिव्या बसतात. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फळा लिहितो, हे मी अनेक बंदरांवर पाहिले आहे.

इशारा असून निर्णय बदलला नाही तर काय होते, ते मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईच्या पश्चिमेला दिसले. वादळाचा अंदाज काही दिवस आधीपासून जाहीर होता, तरीही तेलक्षेत्राजवळ नांगरलेली पी-३०५ ही निवासी बार्ज तिथेच राहिली आणि बुडाली. साठहून अधिक माणसे गेली. अंदाज अचूक होता, तरी अर्थवेध यांच्या व्याख्येप्रमाणे त्या बार्जपुरते त्याचे मूल्य शून्य झाले.

याच्या उलट अवस्था नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळात होती. केरळ आणि तमिळनाडूच्या खोल समुद्रातील नौका इशारा देण्यापूर्वीच दूर गेल्या होत्या आणि तिथे मोबाइल पोहोचत नव्हता. त्यांतील साठहून अधिक नौका वाहत, भरकटत आपल्या सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला आल्या. त्यानंतर गगन या भारतीय दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत संदेश देणारे जेमिनी नावाचे उपकरण २०१९ मध्ये आणले गेले. ते फक्त संदेश घेते, उलट पाठवता येत नाही. पण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपलीकडे मोबाइल मुका होतो, तिथे तेही पुष्कळ आहे.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला अजूनही थोडा राग येतो. हे अंदाज तपासायला समुद्रात नांगरलेली बोयरे, म्हणजे उपकरणे बसवलेले तरंगते पिंप, लागतात. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बसवायला सुरुवात केली, आणि रत्नागिरीजवळही लाटा मोजणारे बोयरे आहे. बोयऱ्याच्या सावलीत मासळी जमते, म्हणून मच्छीमार त्यालाच नौका बांधतात, जाळी अडकतात, दोर कापले जातात, कधी उपकरणेही नाहीशी होतात. ज्याच्यासाठी मोजमाप करायचे त्याच्याच हातून ते बंद पडते. त्या नौकेला त्या दिवशी बोयऱ्याभोवती मिळालेली मासळी रोखीने दिसते. बोयरे बंद पडल्यामुळे बिघडलेला अंदाज हजारो नौकांत विभागला जातो, म्हणून तो कोणालाच दिसत नाही. सार्वजनिक वस्तूचे असेच असते, आणि म्हणूनच ती कोणी एक सोसायटी किंवा कंपनी स्वतःच्या पैशाने बसवत नाही.

मासेमारीबाहेरही ही माहिती वापरली जाते, हे सभासदांना सांगायला हरकत नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे. दरवर्षी सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास वाढ त्यात दिसते. आज कुठला रस्ता किंवा धक्का किती उंच बांधायचा हे ठरवताना ती वही उपयोगी पडते, आणि ती सुरू करणाऱ्यांनी या उपयोगाची कल्पनाही केली नसेल. अशा नोंदीचे मूल्य आगाऊ काढता येत नाही, पण मधली वीस वर्षे गहाळ झाली तर ती कोणत्याही किमतीला विकत घेता येत नाहीत.

बंदरांचा हिशेब मात्र बराच स्वच्छ निघतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टॅम्पा उपसागरात ९ मे १९८० रोजी एक मालवाहू जहाज पुलावर आदळले आणि ३५ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९९१ मध्ये तिथे पाण्याची पातळी, प्रवाह आणि वारा यांची तत्क्षणी माहिती देणारी यंत्रणा बसली. जहाजात किती जास्त माल भरता येतो, किती वेळ थांबावे लागत नाही, किती जहाजे रुतत नाहीत, हे सगळे नोंदीत असल्यामुळे तिचा फायदा वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर काढता आला. एका उपसागरापुरता हा आकडा हजारो कोटींच्या मानाने लहान आहे, पण कोणीही बसून तो पुन्हा तपासू शकतो.

आणखी एक उदाहरण मला फार आवडते. ओरेगॉनच्या नेटार्ट्स उपसागरातील कालवांच्या बीजकेंद्रात २००७-०८ च्या सुमारास पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली. खोलातून वर येणारे आम्लधर्मी पाणी त्यांची शिंपलीच बनू देत नाही, हे मोजमापातून कळले. मग पाणी कोणत्या वेळी आत घ्यायचे आणि त्यात सोडा केव्हा मिसळायचा, हे उपकरण पाहून ठरू लागले आणि केंद्र वाचले. तिथे एक मापक, एक निर्णय आणि एक मालक होता, म्हणून फायदा कोणाचा आणि किती, यावर वाद झाला नाही. आपल्या बंदरावर शंभर तांडेल, शंभर निर्णय.

हिशेबनीस_रत्नागिरी

आपणा तिघांचा आभारी आहे. देशाचा आकडा सभेत मांडण्याचा विचार मी सोडून दिला आहे. त्याऐवजी डिझेलपासून सुरुवात करावी असे वाटते. समजा एका गिलनेट नौकेचे मासळी शोधण्यात तीन तास जातात आणि ताशी दहा लिटर डिझेल जळते. सल्ल्यामुळे त्यांतला एक तास वाचला तर फेरीमागे दहा लिटर वाचले. हंगामात सल्ला मिळण्याचे दिवस आणि सल्ला पाहून जाणाऱ्या नौका यांनी त्याला गुणले तर हिशेब होतो. पण तो एक तास वाचला, हे मी कशावरून ठरवू? ज्या दिवशी सल्ला येत नाही त्या दिवसांशी तुलना करावी काय?

अर्थवेध

ती तुलना करू नका. सल्ला नसतो तो दिवस ढगाळ असतो, आणि ढगाळ दिवशी वारा, लाट आणि मासळीची हालचाल सगळेच वेगळे असते. जास्त जळालेले डिझेल सल्ला नसल्यामुळे गेले की समुद्र खवळल्यामुळे, हे आपल्याला कळणार नाही. सल्ला मानणाऱ्या नौका आणि न मानणाऱ्या नौका यांची तुलनाही तितकीच फसवी आहे, कारण फळा वाचणारा तांडेल बहुधा इतर बाबतींतही हुशार असतो.

जुना_तांडेल यांच्या अनुभवाचा उपयोग करून एक साधा उपाय सुचवतो. फळा लिहिण्यापूर्वी प्रत्येक तांडेलाला त्या मुलाने एवढेच विचारावे, की आज कुठे जाण्याचा विचार आहे, आणि उत्तर वहीत लिहून ठेवावे. मग फळा लिहावा. परतल्यावर प्रत्यक्ष कुठे गेला, किती डिझेल गेले, कोणते जाळे होते आणि लिलावात काय भाव मिळाला, हे नोंदवावे. ज्या दिवशी बोललेली जागा आणि गेलेली जागा वेगळी, तेवढेच दिवस सल्ल्याच्या खात्यावर घ्या. त्या दिवसांत फसलेल्या फेऱ्याही असतील, त्या वगळू नका. लाटांच्या इशाऱ्यामुळे रद्द झालेल्या फेऱ्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि त्यात माणसाच्या जिवाची किंमत घालू नका. दिवस किती वाया गेले आणि त्यांपैकी किती दिवशी समुद्र खरोखर खवळला, एवढेच लिहा. बाकीचे सभासद स्वतःच ठरवतील.

जुना_तांडेल

फळ्याआधी विचारलेत तर निम्मे तांडेल खरे सांगणार नाहीत. आपली जागा कोण उघड करतो? नेमके ठिकाण विचारू नका. दिशा आणि पाण्याची वाव, म्हणजे खोली, एवढेच विचारले तर सांगतील.

हिशेबनीस_रत्नागिरी

हे माझ्या ध्यानात आले नसते. दिशा आणि वाव एवढेच रकाने ठेवतो, आणि तांडेलाच्या नावाऐवजी नौकेच्या जाळ्याचा प्रकार लिहितो. आता आभाळ मोकळे होऊन सल्ले नेमाने येऊ लागले आहेत, त्यामुळे सोमवारपासून वही सुरू करता येईल. मार्गशीर्ष संपेपर्यंतच्या नोंदी झाल्या की इथेच पुन्हा मांडेन. सभासदांना तोवर सांगेन, की मानधनाचा प्रश्न पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे आणि लाटांचा अंदाज मात्र रोज फळ्यावर राहील.